सवडीचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुरणपोळीचा बेत असलेल्या घरात सकाळी सर्वांत आधी काय होते? हरभऱ्याची डाळ शिजायला लागते. कोशिंबीर कुणी आधी करायला घेत नाही. डाळ शिजते आहे तोवर कणीक तिंबून होते, वेलची कुटून होते, जायफळ किसून होते. डाळ शिजली की तिचा कट आमटीसाठी बाजूला निघतो, डाळीत गूळ पडतो, पुरण शिजते, मग ते वाटले जाते आणि त्यानंतरच पोळ्या लाटल्या जातात. स्वयंपाक करणाऱ्याला यासाठी कागद-पेन्सिल लागत नाही. पण डोक्यात एक हिशेब पक्का असतो. डाळीला अर्धा तास उशीर झाला, तर पाने अर्धा तास उशिरा वाढली जाणार. कोशिंबिरीला अर्धा तास उशीर झाला, तर कुणाचे काही बिघडत नाही.

कोशिंबिरीला मिळालेल्या या अर्ध्या तासाला प्रकल्प व्यवस्थापनाच्या भाषेत ‘फ्लोट’ म्हणतात. मी त्याला आपला साधा शब्द वापरणार आहे, सवड. एखादे काम किती लांबले तरी संपूर्ण प्रकल्पाची तारीख हलत नाही, तेवढी त्या कामाची सवड. ही सवड मोजायची कशी आणि ती न मोजल्यामुळे काय होते, याविषयी आज बोलायचे आहे.

हे शास्त्र फार जुने नाही. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ या रसायन कंपनीत मॉर्गन वॉकर हे अभियंते आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीचे गणितज्ञ जेम्स केली यांनी मिळून त्याची मांडणी केली. त्या काळचा युनिव्हॅक हा अवाढव्य संगणक त्यासाठी वापरला गेला. लुइव्हिल येथील कारखाना देखभालीसाठी अधूनमधून बंद ठेवावा लागे. या पद्धतीने कामे आखल्यावर तो बंद राहण्याचा काळ सरासरी १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. हे साधले ते मुख्यतः कोणते काम कशासाठी अडते, हे नीट उलगडल्यामुळे. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची अशीच पद्धत विकसित केली. दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे. कामांची नुसती यादी करू नका, कोणते काम कोणत्या कामानंतर, याचे जाळे काढा.

एका शाळेचे छप्पर

आता एक उदाहरण घेऊ. कल्पनेतलेच आहे, पण आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे वाटेल. कोकणातल्या एका गावातील शाळा. वासे किडले आहेत, कौले फुटली आहेत. शाळा व्यवस्थापन समितीने ठरवले की सुट्टीत जुने छप्पर उतरवायचे आणि लोखंडी कैच्यांवर पत्रे घालायचे. काम १० मे रोजी सुरू होणार. शाळा १५ जूनला उघडणार. हिशेब सोपा राहावा म्हणून रविवारची सुट्टी धरत नाही.

कामे अशी. जुने छप्पर उतरवायला चार दिवस. त्यानंतर भिंतींची डागडुजी करून वर काँक्रीटचा पट्टा घालायचा, त्याला पाच दिवस, आणि पट्ट्यावर पाणी मारण्याचे सात, असे बारा दिवस. मग कैच्या चढवून पत्रे घालायला सहा दिवस. छप्पर झाल्यावर आतले वायरिंग, तीन दिवस. वायरिंगनंतर भिंतींचा रंग, पाच दिवस. शेवटी साफसफाई आणि वर्गांची मांडामांड, दोन दिवस.

याच्या जोडीला दोन कामे बाहेर चालणार आहेत. मापे घेऊन लोखंड खरेदी करायला तीन दिवस, आणि वेल्डरच्या वर्कशॉपमध्ये कैच्या तयार व्हायला सात दिवस, म्हणजे दहा. शिवाय मोडकी बाके दुरुस्त करायला आठ दिवस आणि त्यांना रंग द्यायला दोन, म्हणजे आणखी दहा. ही दोन्ही कामे पहिल्या दिवसापासून सुरू करता येतात.

यादीतले सगळे दिवस एकाखाली एक मांडून बेरीज केली तर ५२ येते. पण काम ५२ दिवसांचे नाही, कारण बरीच कामे एकाच वेळी चालतील. मग ते किती दिवसांचे?

पुढची मोजणी, उलटी मोजणी

यासाठी दोन फेऱ्या मारायच्या. पहिली फेरी पुढे जाण्याची. सुरुवातीपासून निघायचे आणि प्रत्येक काम लवकरात लवकर कधी संपेल, ते लिहायचे. छप्पर उतरणे चौथ्या दिवशी संपते. पट्टा सोळाव्या दिवशी पक्का होतो. इकडे कैच्या दहाव्या दिवशीच तयार आहेत. पण कैच्या चढवायला पट्टा आणि कैच्या दोन्ही हव्यात. जिथे दोन वाटा एकत्र येतात, तिथे उशिरा येणाऱ्याची वाट पाहावी लागते, म्हणजे मोठा आकडा धरायचा. तेव्हा सोळा. तिथून सहा दिवसांनी, बाविसाव्या दिवशी, पत्रे पडले. वायरिंग पंचविसाव्या, रंग तिसाव्या आणि मांडामांड बत्तिसाव्या दिवशी. काम ३२ दिवसांचे आहे. १० मे हा पहिला दिवस धरला, तर १० जूनला संध्याकाळी शाळा तयार.

दुसरी फेरी उलटी. आता शेवटाकडून मागे यायचे आणि विचारायचे, बत्तिसाव्या दिवशी संपायचे असेल तर हे काम उशिरात उशिरा कधी संपले तरी चालेल? मांडामांडीला दोन दिवस हवेत, म्हणजे भिंतींचा रंग आणि बाकांचा रंग तिसाव्या दिवसापर्यंत झाला पाहिजे. वायरिंग पंचविसाव्यापर्यंत, पत्रे बाविसाव्यापर्यंत, पट्टा आणि कैच्या सोळाव्यापर्यंत. एखाद्या कामावरून पुढे अनेक वाटा फुटत असतील, तर या फेरीत लहान आकडा धरायचा, कारण जो सर्वांत घाईत आहे त्याचे आधी भागले पाहिजे.

आता नुसती वजाबाकी उरली. उशिरात उशिरा कधी संपले तरी चालेल, त्यातून लवकरात लवकर कधी संपेल ते वजा करा. कैच्या सोळाव्या दिवशी मिळाल्या तरी चालतील, त्या दहाव्या दिवशी तयार आहेत. सवड सहा दिवसांची. बाके तिसाव्या दिवशी झाली तरी चालतील, ती दहाव्या दिवशी होऊ शकतात. सवड वीस दिवसांची. पट्टा सोळाव्या दिवशी हवा आणि सोळाव्याच दिवशी मिळतो. सवड शून्य. छप्पर उतरवणे, पट्टा, पत्रे, वायरिंग, रंग, मांडामांड, या साऱ्यांची सवड शून्य. या शून्यांच्या साखळीला ‘क्रिटिकल पाथ’, म्हणजे कळीचा मार्ग म्हणतात. तो जाळ्यातला सर्वांत लांब रस्ता असतो, आणि तोच संपूर्ण कामाची मुदत ठरवतो.

१० जून ते १५ जून यांच्या मध्ये चार दिवस मोकळे आहेत, ते कुठे गेले? ते कुठल्या एका कामाचे नाहीत, साऱ्या प्रकल्पाची ती शिल्लक आहे. तिचा हिशेब वेगळा ठेवावा. ती कामांच्या सवडीत मिसळली, की प्रत्येकाला वाटते ते चार दिवस आपलेच.

सवड कुणाच्या मालकीची?

इथेच खरी गोम आहे. लोखंड खरेदीची सवड सहा दिवस आणि कैच्या बनवण्याची सवडही सहा दिवस, असे आपल्या तक्त्यात दिसेल. पाहणाऱ्याला वाटेल, दोघांचे मिळून बारा झाले. तसे नाही. सहा दिवस त्या वाटेचे आहेत, त्या वाटेवरच्या कामांना मिळून. एकाने खाल्ले की दुसऱ्याला उरत नाहीत.

समजा, लोखंड आणायची जबाबदारी असलेल्या सदस्याला कळले की सहा दिवसांची सवड आहे. दोन पैसे वाचावेत म्हणून त्याने आणखी दोन दुकानांतून भाव मागवले. पाच दिवस गेले. त्याच्या दृष्टीने काहीच चुकले नाही, सवडीच्या आतच तर आहे. मग लोखंड वर्कशॉपमध्ये पोहोचले आणि तिथे तीन दिवस वीज नव्हती. एकूण उशीर आठ दिवस. सहा सवडीत गेले, दोन उरले. कैच्या अठराव्या दिवशी आल्या. पत्र्याचे गडी दोन दिवस बसून राहिले आणि काम १० ऐवजी १२ जूनवर गेले. चारांतली दोन दिवसांची शिल्लक संपली. बैठकीत बोलणी कुणाला बसणार? वेल्डरला. कारण दिसायला उशीर त्याच्या दारात झाला. पाच दिवस ज्याने घेतले त्याचे नावही निघणार नाही.

म्हणून या शास्त्रात दोन वेगळ्या सवडी मोजतात. एक एकूण सवड, जी आपण आता मोजली. दुसरी मोकळी सवड, म्हणजे पुढच्या कामाच्या लवकरात लवकरच्या सुरुवातीलाही धक्का न लावता मला किती लांबता येईल, ते. ती काढायला पुढचे काम लवकरात लवकर कधी सुरू होते ते पाहायचे आणि त्यातून आपले काम संपण्याचा दिवस वजा करायचा. लोखंड खरेदी तिसऱ्या दिवशी संपते आणि लगेच कैच्यांचे काम सुरू होऊ शकते. तेव्हा खरेदीची मोकळी सवड शून्य. कैच्या दहाव्या दिवशी होतात, त्या चढवण्याचे काम सोळा दिवस संपल्यावर सुरू होते. तेव्हा कैच्यांची मोकळी सवड सहा. याचा अर्थ असा की वेल्डरने सहा दिवस घेतले तर कुणाचे काही घेतले नाही, पण खरेदी करणाऱ्याने घेतलेला प्रत्येक दिवस वेल्डरच्या ताटातला आहे. तो घेऊ नये असे नाही, पण सांगून घ्यावा.

हा वाद गावच्या शाळेपुरता नाही. मोठ्या बांधकामांत मालक आणि कंत्राटदार यांच्यात सवड कुणाची यावरून लवादापर्यंत भांडणे जातात. मालक म्हणतो, मी नकाशे उशिरा दिले, पण तुमच्याकडे सवड होती. कंत्राटदार म्हणतो, ती मी माझ्या अडीअडचणीसाठी राखली होती. ब्रिटनमधील सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने २००२ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक नियमावली काढली, २०१७ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिचा रोख असा की करारात वेगळे लिहिले नसेल तर सवड कुणा एकाची नसते, ती प्रकल्पाची असते. म्हणजे व्यवहारात जो आधी वापरेल त्याची. म्हणून शहाणा माणूस करारातच हे लिहून घेतो.

आधी कोण, मग कोण

सवड कळल्याचा सर्वांत मोठा उपयोग उशीर खपवून घेण्यासाठी नाही. आपल्याकडचा माणूस आणि पैसा आधी कुठे लावायचा, हे ठरवण्यासाठी आहे.

आपल्या शाळेचीच गोष्ट पुढे नेऊ. गावात वेल्डर एकच आहे. कैच्याही त्यानेच करायच्या आणि बाकांचे लोखंडी पायही त्यानेच जोडायचे. बाके शाळेतच पडून आहेत, लोखंड अजून यायचे आहे, म्हणून त्याने पहिल्या दिवशी बाके हातात घेतली तर? आठ दिवस बाकांत गेले, मग सात दिवस कैच्या. पंधराव्या दिवशी कैच्या तयार. मुदत सोळावा दिवस. सहा दिवसांची सवड एकावर आली. एक दिवस वीज गेली, की पुरे. उलट त्याने आधी कैच्या केल्या, तर त्या दहाव्या दिवशी होतात, मग बाके अठराव्या आणि त्यांचा रंग विसाव्या दिवशी. तरी बाकांच्या वाटेवर दहा दिवस शिल्लकच आहेत. माणूस तोच, काम तेवढेच. फक्त क्रम बदलला आणि धोका गेला. ज्याला सवड जास्त, त्याने थांबावे, एवढाच नियम.

पैशाचेही तसेच. काम मागे पडले की आपल्याकडे हुकूम सुटतो, सगळ्यांनी रात्रंदिवस काम करा. मग बाकांच्या सुतारालाही जादा मजुरी दिली जाते, ज्याच्याकडे वीस दिवस सवड होती. तो पैसा पाण्यात गेला. मुदत कमी करायची तर कळीच्या मार्गावरचेच काम आटोपते घेतले पाहिजे. पण तेही बेताने. समजा, अभियंत्याने सुचवले की काँक्रीटच्या पट्ट्याऐवजी लोखंडी चॅनेल बसवा, पाणी मारण्याचे सात दिवस वाचतील. बारा दिवसांचे काम पाच दिवसांचे झाले. मग ३२ दिवसांचे काम २५ दिवसांचे झाले का? नाही. छप्पर उतरणे आणि चॅनेल मिळून आता नऊ दिवस लागतात, पण कैच्यांना दहा लागतात. आता कैच्याच कळीच्या मार्गावर आल्या. काम २६ दिवसांचे झाले. सात दिवसांसाठी पैसे मोजले, फायदा सहाच दिवसांचा. आणि ज्या वेल्डरकडे काल सवड होती, त्याच्याकडे आज एक दिवसही नाही. हे त्याला कुणी सांगितले का? कळीचा मार्ग कायम एकच राहत नाही, म्हणून दर आठवड्याला मोजणी पुन्हा करावी लागते.

शून्य सवड म्हणजे काय, याचा मोठ्या प्रमाणावरचा दाखला आपल्या कोकण रेल्वेत आहे. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली नव्वदहून अधिक बोगदे आणि शेकडो पूल उभे राहिले. मार्गाचे तुकडे एकेक करून सुरू होत गेले. पण गोव्यातील पेडणे येथील जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्यात पाणी धरलेली मऊ माती लागली. खणलेले पुन्हा ढासळे. उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा मार्ग तयार असूनही सलग गाडी धावू शकत नव्हती. अखेर तो बोगदा पार पडला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. सातशेहून अधिक किलोमीटरच्या मार्गाची तारीख अखेरीस दीड किलोमीटरने ठरवली.

आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

आजवर आपण धरून चाललो की खरेदीला तीन दिवस लागतील म्हणजे तीनच लागतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. ‘पर्ट’ पद्धतीत यासाठी तीन अंदाज विचारतात. सगळे सुरळीत झाले तर किती, साधारणपणे किती, आणि सगळे बिघडले तर किती. साधारण अंदाजाला चौपट वजन देऊन तिघांची बेरीज करायची आणि सहाने भागायचे. आपल्या खरेदीचे उत्तर दोन, तीन आणि दहा दिवस असे आले, तर दोन अधिक बारा अधिक दहा, म्हणजे चोवीस भागिले सहा, चार दिवस. म्हणजे सहा दिवसांची वाटणारी सवड मुळात पाचच होती.

दुसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहून ठेवले की जेवढा वेळ उपलब्ध असेल तेवढा भरून काढण्याइतके काम फुगत जाते. सवड आहे असे कळताच माणूस उशिरा सुरुवात करतो. मग ऐनवेळी अडचण येते आणि सवड तर सुरुवातीलाच संपलेली असते. यावर उपाय सवड लपवण्याचा नाही. लपवलेली सवड प्रत्येक जण गुपचूप आपल्या अंदाजात घालतो आणि सारा हिशेबच खोटा होतो. उपाय असा की सुरुवात शक्यतो लवकरच्या तारखेला करावी, सवड अडचणीसाठी ठेवावी, आळसासाठी नाही.

आज प्रायमाव्हेरासारख्या संगणक प्रणाली ही वजाबाकी क्षणात करून देतात. पण कुठले काम कुठल्या कामानंतर, हे संगणकाला माणसानेच सांगावे लागते. वायरिंगआधी रंग असे चुकून सांगितले तर तो निमूटपणे तसाच हिशेब करील, आणि रंगवलेल्या भिंती वायरीसाठी फोडाव्या लागतील.

तेव्हा श्रोतेहो, घराचे बांधकाम असो, लग्नकार्य असो, गावच्या पाण्याची टाकी असो, सुरुवातीलाच एक मोठा कागद घ्या. कामांचे जाळे काढा. पुढे एकदा मोजा, मागे एकदा मोजा, आणि प्रत्येक कामापुढे त्याची सवड लिहा. शून्यवाल्यांकडे रोज जा, सहावाल्यांकडे आठवड्यातून दोनदा, वीसवाल्यांना उगाच पिडू नका. आणि तो कागद कपाटात ठेवू नका, कामाच्या जागी भिंतीवर लावा. खरेदी करणाऱ्याला दिसू द्या की त्याच्यानंतर कोण उभा आहे. वेल्डरला दिसू द्या की आपल्या वाटचे किती दिवस उरले आहेत. मग एक दिवस मागून घेताना माणूस विचार करील, आणि दिलेला दिवस लक्षातही ठेवील. १५ जूनला मुले शाळेत येतील तेव्हा बाहेर पाऊस असेल. ती कोरड्या वर्गात बसली म्हणजे आपला हिशेब बरोबर आला असे समजायचे.